शिकाऊ पहारेकरी

डंडीत डिसेंबरात पावणेचारलाच अंधारतं.
जुन्या ताग-गिरणीच्या चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
हीटर तापला की लोखंडी खांबांना
अजून गोणपाटाचा वास येतो, असं रुअरी म्हणतो.
मला आपला कॉफीचाच येतो.

आज क्लस्टरवर पहारेकरी बसवायचा.
नगरपालिकेच्या सगळ्या सर्व्हिसेस आता सर्व्हरलेस.
म्हणजे सर्व्हर नसतो असं नाही,
तो दुसऱ्याच्या घरी असतो, आपण भाडं भरतो.
कुणी हाक मारली की डोळे चोळत उठायचं,
सांगितलं तेवढं काम करायचं,
परत शून्यावर जाऊन झोपायचं.
अशा झोपाळूंच्या दाराशी
एकेक राखणदार उभा करायचा.

पहिल्यांदा आडवी आली एक मोकळी जागा.
यॅमलमध्ये दोन सोडायच्या, मी तीन सोडल्या.
दुसऱ्यांदा सर्टिफिकेट.
तिसऱ्यांदा कसलीही तक्रार न होता
काहीच झालं नाही, हे सगळ्यात वाईट.
साडेपाचला पॉड हिरवे झाले, एकामागून एक.
रुअरीनं खिशातून शॉर्टब्रेड काढलं,
मोडून अर्धं मला दिलं.
एवढाच समारंभ.

हा पहारेकरी दांडगा नाही.
त्याच्या खिशात चोरांची यादी नसते.
तो आठवडाभर नुसता बघत बसतो:
येणाऱ्याचं नाव किती अक्षरांचं,
आकड्यांच्या जागी आकडेच आहेत ना,
कंस किती, स्वल्पविराम किती.
रोजचं काय ते शिकतो,
आणि मग जे रोजचं नाही
त्याच्याकडे बोट दाखवतो.

इचलकरंजीत माझे वडील कापड तपासायचे.
काचेखाली दिवा, वरून तागा सरकत जाणारा,
नजर भलतीकडे, गप्पा चालू,
आणि मध्येच हात थांबायचा. तुटका धागा.
"दोष शोधायचा नसतो गं," म्हणायचे,
"चांगलं कापड बोटांना पाठ असलं
की दोष आपणहून बोचतो."

आठव्या रात्री, दोन वाजून सतरा मिनिटांनी,
पहारेकऱ्याला पहिल्यांदा बोचलं.
कचऱ्याचा डबा बदलण्याचा अर्ज.
'इतर माहिती' या रकान्यात लोक लिहितात
दोन शब्द, फार तर चार:
कुत्रा आहे. फाटक उघडं असतं.
इथे एकशे अठ्ठ्याऐंशी.
लांबी संशयास्पद, त्यानं नोंदवलं,
विरामचिन्हं नेहमीपेक्षा जास्त.
कुणीतरी घुसलं म्हणून
मी अंथरुणातच लॅपटॉप उघडला.

एल्स्पेथ डफस, लॉखी.
मोठा डबा घेऊन जा, लिहिलं होतं,
माझ्या एकटीच्यानं तो भरत नाही.
बुधवारी बाहेर न्यायचं काम आर्चीचं होतं.
त्याचं चाक फार करकरायचं,
शेजारचे बोलले म्हणून आर्चीनं तेल घातलं,
आणि मग तो परत आलेला मला कळेना,
त्यावरून मी त्याच्याशी भांडले, एवढ्याशावरून,
सप्टेंबरात.
छोटा डबा द्याल तो कसाही चालेल.
नवाच पाहिजे असं नाही.
पण जमलं तर, वाजणाऱ्या चाकाचा.

पहारेकऱ्याचं काही चुकलं नव्हतं.
हे रोजचं नाहीच.

सकाळी रुअरी म्हणाला, मर्यादा वाढव, तीनशे शब्द कर.
पण तेवढ्या फटीतून उद्या कोण शिरेल सांगता येत नाही.
आणि अडवायचं म्हटलं, तर दारातून
पहिली परत गेली असती ती हीच बाई.
शेवटी त्या एका रकान्यापुरतं लिहिलं:
अडवू नकोस. मला उठव.
(दोन जागा सोडून. मोजून.)

मग अर्ज डेपोकडे पाठवला.
छोटा डबा, एक. बुधवार.
'इतर माहिती'त मी लिहिलं,
चाकाला तेल नको.

तीन शब्द.
पहारेकऱ्यानं मानही वर केली नाही.